मोल-ग्रॅमचे गणित शिकवणारा विश्रामबागेतला वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे एक शिक्षक उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत एक छोटा वर्ग घेतात. त्यात अकरावीचा सगळा अभ्यासक्रम नसतो, सेंद्रिय रसायन नसते, अणुरचनाही नसते. मोल (पदार्थातले अणू-रेणू मोजण्याचे एकक), वस्तुमान आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे गणित एवढाच विषय तिथे शिकवला जातो. सर जाहिरात करत नाहीत आणि आपले नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मी ते येथे देत नाही. विश्रामबागेत कोणत्याही अकरावीच्या विद्यार्थ्याला विचारले तरी पत्ता मिळतो. माझी मुलगी यंदाच्या उन्हाळी वर्गाला होती, आणि पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्यामुळे मीही बरेच तास तिथे बसलो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली असल्याने या विषयाशी माझा पोटापाण्याचा संबंध आला आहे, त्यामुळे कौतुक आणि तक्रार दोन्ही जरा तपशिलात जाऊन करतो.

एवढ्याशा विषयासाठी वेगळा वर्ग कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. मोलची ओळख नववीच्या विज्ञानात होते, तीही घाईघाईने. दहावीत तिच्यावाचून फारसे अडत नाही, आणि अकरावीला पहिल्याच महिन्यात ती पक्की आहे असे गृहीत धरून पुढचे शिकवणे सुरू होते. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘रेणुवस्तुमान’ या शब्दाऐवजी एकदम ‘मोलर मास’ (मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅममधले वस्तुमान) ऐकावे लागते आणि दोन्ही एकच की वेगळे, हे विचारायचे राहून जाते. मग द्रावणांची तीव्रता, वायूंचे नियम, विद्युतरसायन, जिथे म्हणून आकडेमोड येते तिथे मुले अडखळतात आणि दोष त्या त्या प्रकरणाला देतात. माझ्या मुलीने आधी शहरातल्या एका मोठ्या क्लासमध्ये हेच प्रकरण केले होते. तिथे तिला एक त्रिकोण शिकवला होता: वरच्या कोपऱ्यात वस्तुमान, खाली मोल आणि मोलर वस्तुमान, हवे ते बोटाने झाकायचे आणि उरलेल्याचा गुणाकार किंवा भागाकार करायचा. त्या त्रिकोणाच्या जोरावर तिने ५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचे २०० मोल काढले होते. ५ ला त्याच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे ४० ने, भागण्याऐवजी गुणले, एवढीच चूक. पण २०० मोल म्हणजे ८ किलो सोडियम हायड्रॉक्साइड होते, आणि चिमूटभर पदार्थातून ८ किलो कसे निघतील असा प्रश्न तिच्या मनातही आला नाही, ही खरी अडचण होती.

विश्रामबागेतल्या या वर्गात त्रिकोणाला बंदी आहे. पहिल्या दिवशी फळ्यावर सूत्रही येत नाही. सर फक्त विचारत जातात: १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, तर ९ ग्रॅम म्हणजे किती, ३६ ग्रॅम म्हणजे किती, ४५ ग्रॅम म्हणजे किती. मुले अर्धा, दोन, अडीच अशी उत्तरे तोंडी देतात आणि आपण भागाकार करत आहोत हे त्यांना उशिराने कळते. मग हेच मिठासाठी ५८.५ ग्रॅमने, ग्लुकोजसाठी १८० ग्रॅमने आणि साखरेसाठी ३४२ ग्रॅमने होते. तासाच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न टाकला तो मला फार आवडला: किराणा दुकानातून एक किलो साखर आणि एक किलो मीठ आणले, तर मोल कशात जास्त? साखरेचे तीनहून थोडे कमी आणि मिठाचे सतराच्या वर. दोन्ही पिशव्यांचे वजन सारखे असून त्यातल्या कणांच्या संख्येत जवळजवळ सहापट फरक पडतो, हे कळल्यावर मोल ही संख्या आहे, वजन नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा नियम एककांचा आहे. प्रत्येक पायरीवर ग्रॅम, मोल, ग्रॅम प्रति मोल असे एकक लिहिलेच पाहिजे. न लिहिल्यास उत्तर बरोबर असले तरी सर त्यावर काट मारतात. ग्रॅमला ग्रॅम प्रति मोलने भागले की ग्रॅम कटतात आणि मोल उरतात, आणि चुकून गुणले तर ‘ग्रॅमचा वर्ग प्रति मोल’ असे काहीतरी विचित्र हाती येते, ते पाहूनच चूक कळते. हे शिस्तीचे काम आहे आणि मुलांना त्याचा कंटाळा येतो. माझ्या मुलीनेही सुरुवातीला बरीच कुरकुर केली. कारखान्यात टन, क्विंटल, लिटर आणि टक्के यांचा एकत्र गोंधळ होताना मी पाहिलेला असल्यामुळे मी या बाबतीत पूर्णपणे सरांच्या बाजूने आहे.

तिसरा नियम सर्वांत मोलाचा आहे, आणि तो एका प्रश्नाच्या रूपात येतो. विद्यार्थ्याने “एक मोल ऑक्सिजन” म्हटले की सर लगेच विचारतात, “कशाचा मोल? अणूंचा की रेणूंचा? ते आधी लिही, मग पुढं बोलू.” ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायूत रेणूंचा एक मोल असतो आणि अणूंचे दोन. स्पर्धा परीक्षांमध्ये चार पर्यायांपैकी एक पर्याय नेमका या गफलतीसाठी ठेवलेला असतो. मोठ्या क्लासमध्ये हा मुद्दा ‘ट्रिक’ म्हणून एका ओळीत सांगतात, येथे तो इतक्या वेळा विचारला जातो की शेवटी मुलेच एकमेकांना “कशाचा मोल?” म्हणून चिडवू लागतात.

या वर्गाचे खरे वेगळेपण मात्र वजनकाट्यावर दिसते. सरांकडे दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ग्रॅम दाखवणारे दोन छोटे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. एका दिवशी त्यांनी खाण्याच्या सोड्याचा प्रयोग केला. सोडियम बायकार्बोनेटचे मोलर वस्तुमान ८४, तेव्हा ८.४ ग्रॅम म्हणजे एक दशांश मोल. एका मुलीने स्टीलच्या वाटीत चमच्याच्या टोकाने सोडा घालत घालत आकडा ८.४ वर आणायचा प्रयत्न केला; पंख्याच्या वाऱ्याने आकडा ८.३८ आणि ८.४२ च्या मध्ये थरथरत राहिला, म्हणून सरांनी पंखा बंद करायला लावला आणि मे महिन्याच्या उकाड्यात सगळे घाम पुसत आकडा स्थिर होण्याची वाट पाहत राहिले. मग वाटी शेगडीवर ठेवून मंद आचेवर सोडा हलवत तापवला. तो आधी फुगल्यासारखा, उकळी आल्यासारखा हलू लागला आणि वर धरलेल्या काचेवर पाण्याचा दमटपणा दिसला. वाटी गार झाल्यावर वजन भरले ५.३६ ग्रॅम, पुन्हा तापवून, गार करून घेतल्यावर ५.३१.

फळ्यावरचे गणित असे होते: बायकार्बोनेटच्या दोन मोलांपासून सोडियम कार्बोनेटचा एक मोल मिळतो, म्हणजे ०.१ मोलपासून ०.०५ मोल, कार्बोनेटचे मोलर वस्तुमान १०६, म्हणून ५.३ ग्रॅम. एका मुलाने विचारले, “सर, मग बाकीचे ३.१ ग्रॅम गेले कुठं?” सरांनी उत्तर दिले नाही, त्यालाच फळ्यापाशी बोलावले. त्याने ०.०५ मोल कार्बन डायऑक्साइडचे २.२ ग्रॅम आणि ०.०५ मोल पाण्याचे ०.९ ग्रॅम काढले, बेरीज केली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. दुसऱ्यांदा का तापवायचे, याचेही उत्तर तिथेच मिळाले: वजन आणखी कमी झाले याचा अर्थ पहिल्या वेळी काही सोडा विघटित व्हायचा राहिला होता, आणि वजन घटणे थांबेपर्यंत तापवत राहणे हाच क्रिया पूर्ण झाल्याचा पुरावा. अकरावीच्या कित्येक प्रयोगशाळांमध्ये एवढे निवांतपणे काही करून पाहायला मिळत नाही.

वर्गात तासगाव आणि कवठेमहांकाळ भागातून येणारी मुलेही होती, आणि त्यांच्यामुळे बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचा विषय निघाला. द्राक्षबागेवर फवारण्याच्या एक टक्का मिश्रणाचे प्रमाण त्या मुलांना पाठ असते: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. सरांनी विचारले की दोन्ही एकेक किलो आहेत, तर दोन्ही सारखेच झाले का. निळ्या मोरचुदाचे मोलर वस्तुमान २४९.७, म्हणजे एका किलोत चार मोल. विरवलेल्या चुन्याचे ७४.१, म्हणजे साडेतेरा मोल. कळीचा चुना घेतला तर पावणेअठराच्या पुढे. तांब्याचा एक मोल हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायला चुन्याचा एक मोल पुरतो, म्हणजे शेतकऱ्याच्या पिंपात चुना तिपटीहून जास्त आहे. चुना जुना असतो, त्यात अशुद्धी असते, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. शिवाय मोकळे तांबे उरून पाने करपण्यापेक्षा चुना उरलेला परवडतो. लगेच एका मुलाने सांगितले की त्याचे वडील मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून पाहतात आणि त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतात. सरांनी त्याला ते सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावले, आणि लोखंडावर तांबे बसणे म्हणजे द्रावणात तांबे अजून मोकळे असल्याची खूण, असे त्याच्याच शब्दांना जोडून समजावले.

याच उदाहरणात एक सापळा आहे आणि तोही त्यांनी सोडला नाही. निळ्या मोरचुदाच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात. ते विसरून निर्जल कॉपर सल्फेटचे १५९.६ घेतले तर एका किलोचे चारऐवजी सव्वासहा मोल येतात. बाटलीच्या लेबलवर ‘पेंटाहायड्रेट’ लिहिले आहे का, हे आधी पाहायची सवय या एका आकड्याने लागते. पुढे बारावीच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण करताना निर्जल धरून ९० घ्यायचे की स्फटिकातल्या पाण्यासह १२६, हाच प्रश्न समोर येणार असतो.

इतिहासावर सर फार वेळ घालवत नाहीत. सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत सारखेच रेणू असतात, ही ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलेली कल्पना जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडली होती आणि १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाने तिची बाजू मांडली, तोवर ॲव्होगॅड्रो हयात नव्हते, एवढे सांगून ते पुढे जातात. एक गोष्ट मात्र त्यांनी आवर्जून अद्ययावत केली आहे. मोलची व्याख्या आता ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंएवढे कण’ अशी राहिलेली नसून २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या ठरवून दिलेली आहे, हे वर्गाच्या पुस्तिकेत स्पष्टपणे आले आहे. बाजारातल्या अनेक गाइडांमध्ये अजून जुनीच व्याख्या दिलेली असते.

पुस्तिकेचा विषय निघालाच आहे, तर तक्रारींकडे वळतो. फीमध्ये एक छापील पुस्तिका मिळते आणि तिच्यात सरावाची भरपूर उदाहरणे आहेत, पण काही ठिकाणी ती वर्गाच्या दर्जाला शोभत नाही. त्यातल्या एका उपक्रमात खडूचे वजन करून त्याने फळ्यावर आपले नाव लिहायचे, पुन्हा वजन करायचे आणि झिजलेल्या खडूतले मोल काढायचे असे दिले आहे. कल्पना छान आहे, परंतु खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असे धरून मोलर वस्तुमान १०० घेतले आहे. आज दुकानात मिळणारे बरेचसे खडू जिप्समचे असतात, आणि जिप्समचे वस्तुमान १७२ आहे. ०.१७ ग्रॅम खडू झिजला तर एका हिशेबाने ०.००१७ मोल आणि दुसऱ्या हिशेबाने ०.००१ मोल येतात. ‘कशाचा मोल?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारणाऱ्या वर्गाच्या पुस्तिकेत हे खटकते. मी सरांच्या कानावर घातले तेव्हा त्यांनी ते मान्य केले आणि दुसऱ्या दिवशी मुलांकडून पेनाने दुरुस्ती करून घेतली. छापील प्रतीत मात्र ती अजून व्हायची आहे.

दुसरी उणीव वायूंच्या पानावर आहे. एक मोल वायूचे आकारमान २२.४ लिटर, एवढेच तिथे म्हटले आहे. हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला आहे. १९८२ नंतरच्या प्रमाण स्थितीत दाब एक बार धरतात आणि तेव्हा तो २२.७ लिटर होतो. परीक्षेत प्रश्नात दिलेली स्थिती वाचून आकडा निवडावा लागतो, म्हणून ही अट न छापणे परवडणारे नाही. वर्गात सरांनी ती तोंडी सांगितली, पण त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांच्या वहीत ती आली नाही, आणि इथे तासाचे रेकॉर्डिंग मिळत नाही.

तिसरी तक्रार वेळेच्या वाटणीबद्दल आहे. पाया घालण्यात एवढा वेळ जातो की दोन अभिकारकांपैकी कोणता आधी संपतो, म्हणजे लिमिटिंग रिएजंटची उदाहरणे, शेवटच्या तासावर येऊन पडतात. नीट आणि सीईटीला नेमके तेच विचारतात. त्या तासाला सर बाहेरून आणलेली कृत्रिम उदाहरणे घेतात. सांगलीत शिकवताना साखर कारखान्याचे उदाहरण हाताशी असून ते का वापरत नाहीत, हे मला समजले नाही. उसाचा रस निवळण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि तो चुन्याबरोबर रसात सोडतात. ३२ किलो गंधकापासून ६४ किलो वायू मिळतो आणि त्याला कळीचा चुना ५६ किलो लागतो. मोलचे प्रमाण एकास एक, वजनाचे मात्र तसे नाही. चुना कमी पडला तर रस आम्लधर्मी राहून साखरेचे विघटन होते, म्हणजे कोणता पदार्थ आधी संपला याला तिथे किंमत मोजावी लागते. सरांना मी हे सुचवले आहे.

बसायची सोय साधी आहे. सतरंजी, काही बाके, एक फळा. दोन काटे अख्ख्या तुकडीला अपुरे पडतात आणि प्रयोगाच्या दिवशी निम्मा वेळ रांगेत जातो. आणखी दोन काटे घेतले आणि त्यासाठी फी थोडी वाढवली तरी कुणी पालक हरकत घेईल असे वाटत नाही, कारण मोठ्या क्लासच्या तुलनेत सध्याची फी अगदीच किरकोळ आहे. कॅल्क्युलेटर आणू देत नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत तो चालत नाही म्हणून लॉग टेबल वापरायला लावतात, आणि त्याआधी उत्तराचा अंदाज वहीच्या कडेला लिहायला लावतात. माझी मुलगी आता ५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड दिसले की आधी ‘४० चा आठवा भाग’ असे लिहिते आणि मग ०.१२५ मोल काढते.

दहावीची परीक्षा देऊन अकरावीच्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्या मुलांना हा वर्ग मी निःशंकपणे सुचवेन. अकरावीत गणिते सोडवताना हात थरथरतो अशांनाही उपयोग होईल. ज्यांना मोल येतो आणि फक्त वेग वाढवायचा आहे, किंवा जे नीटची दुसऱ्यांदा तयारी करत आहेत, त्यांना पहिले काही तास संथ वाटतील आणि हवे असलेले शेवटचे प्रकरण घाईत उरकलेले वाटेल. त्यांनी दुसरीकडे पाहावे. पुस्तिका वेगळीही विकत मिळते, पण खडूची आणि वायूंच्या पानाची दुरुस्ती छापून होईपर्यंत ती एकटी घेऊ नये. दिवाळीच्या तुकडीची नोंदणी सहामाही परीक्षेच्या सुमारास समक्ष जाऊन करावी लागते, फोनवर होत नाही, आणि जागा लवकर भरतात.